फुकटची मिनिटं

विहीर तुमची, मोटर तुमची, वीजबिल तुमच्या नावावर, आणि पाणी तुमच्याच उसाला. एक दिवस कोणीतरी चिठ्ठी पाठवतो की येत्या मार्चपासून मोटर जितकी मिनिटं चालेल तितक्या मिनिटांचे पैसे आम्हाला द्यायचे, कारण मोटर कधी सुरू करायची हे आमच्या घड्याळावर ठरतं. आमच्या नारायणगावात असं कोणी बोललं तर लोक त्याला चहा पाजून वाटेला लावतील. (चहासुद्धा पाजणार नाहीत बहुतेक.)

डिसेंबर २०२५ मध्ये गिटहबने जवळपास हेच जाहीर केलं. खासगी प्रकल्पांच्या चाचण्या तुम्ही स्वतःच्या यंत्रावर चालवत असाल, तरी मिनिटाला ०.००२ डॉलर मोजायचे, मार्च २०२६ पासून. रक्कम क्षुल्लक वाटते ना? एक यंत्र महिनाभर अखंड चालवलं तर ४३,२०० मिनिटं होतात, म्हणजे ८६ डॉलर आणि वर ४० सेंट. आजच्या भावाने साडेसात हजार रुपयांच्या पुढे. तेही यंत्र तुमचं, वीज तुमची, जागा तुमची असताना! जगभर आरडाओरड झाली आणि एक-दोन दिवसांत त्यांनी तो निर्णय पुढे ढकलला. पुढे ढकलला, बरं का. रद्द केला असं कोणी म्हणालेलं नाही.

माझ्या ओळखीच्या बऱ्याच पोरांची यावरची प्रतिक्रिया एकच होती, "आपलं तर ओपन सोर्स आहे, आपल्याला फुकटच आहे, आपल्याला काय त्याचं?" हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय, आणि दर वेळी ते ऐकून माझं डोकं फिरतं. आजचं हे लांबलचक लिखाण त्या वाक्यासाठी.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. सॉफ्टवेअरवाल्यांनी कृपया हा परिच्छेद गाळावा आणि नंतर चुका काढू नयेत. सकाळी सहाला मंचर-घोडेगावच्या कुठल्याही वाडीतल्या दूध संकलन केंद्रावर जाऊन उभं राहा. माणसं किटल्या घेऊन रांगेत असतात. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घेतला जातो, फॅट बघतात, एसएनएफ बघतात, पाणी घातलंय का बघतात, मगच ते दूध मोठ्या भांड्यात ओततात. कारण एकाची नासकी किटली आत गेली की पन्नास जणांचं दूध वाया जातं, आणि नंतर कोणाचं नासकं होतं ते देवालाही सांगता येत नाही. सॉफ्टवेअरचंही तेच आहे. दहा जण एकाच कार्यक्रमावर काम करतात. पूर्वी प्रत्येक जण आपापला कोड महिना-दोन महिने घेऊन बसायचा आणि शेवटी सगळं एकत्र ओतायचे. मग पंधरा दिवस रडारड. त्यावर उपाय निघाला तो म्हणजे प्रत्येक छोटा बदल आला रे आला की लगेच सगळ्यांच्या कोडात मिसळायचा, पण मिसळताना यंत्राने आपोआप तपासायचा. पास झाला तर हिरवी खूण, नाही तर लाल. याला म्हणतात कंटिन्युअस इंटिग्रेशन, आपण सीआय म्हणू. ग्रेडी बूच यांनी हा शब्द १९९१ मध्ये वापरला, मार्टिन फाउलर यांच्या २००० सालच्या लेखाने तो घरोघरी गेला, २००१ मध्ये क्रूझकंट्रोल आलं, नंतर कोहसुके कावागुची यांचं हडसन, ज्याचं ओरॅकलशी भांडण होऊन २०११ मध्ये जेंकिन्स झालं. झाला इतिहास.

आता दूधवाल्यांना विचारा की केंद्रावरचं सगळ्यात भांडणाचं यंत्र कोणतं. वजनकाटा आणि फॅटचं मशीन! कारण ज्याच्या हातात मशीन त्याच्या हातात आकडा. गावागावांत शेतकऱ्यांनी आपल्या सोसायट्या काढल्या त्याला दर हे कारण होतंच, पण मापावर विश्वास नसणं हेही मोठं कारण होतं. अडाणी म्हणून हिणवलेल्या माणसाला जे कळलं, की माप दुसऱ्याच्या हातात देऊ नये, ते पुण्यात वातानुकूलित कचेरीत बसून महिन्याला लाख-दीड लाख घेणाऱ्याला का कळू नये?

जेंकिन्सच्या काळात मापं आपली होती. कोपऱ्यात एक जुना संगणक घरघरत असायचा, त्याच्यावर "बंद करू नये" असा कागद चिकटवलेला असायचा, आणि सफाईवाल्या मावशी तो रोज इमानेइतबारे बंद करायच्या. वैताग होता, नाही कसं म्हणू. मग २०११ मध्ये बर्लिनच्या मंडळींनी ट्रॅव्हिस सीआय काढलं. प्रकल्पात एक छोटी फाइल टाकायची, बस. यंत्र त्यांचं, वीज त्यांची, आणि प्रकल्प खुला असेल तर एक पैसाही नाही. खासगी प्रकल्पवाले पैसे भरायचे, त्यातून खुल्यांचा खर्च निघायचा. मला हा सौदा अजूनही सुंदर वाटतो. जगातले हजारो एकांडे प्रकल्प, ज्यांनी जन्मात कधी चाचणी लिहिली नव्हती, ते चाचण्या लिहायला लागले, निव्वळ ती हिरवी खूण आपल्या पानावर लावता यावी म्हणून. या उपकाराबद्दल माझ्या मनात काडीचाही किंतु नाही.

पण जानेवारी २०१९ मध्ये ट्रॅव्हिस आयडेरा नावाच्या कंपनीने विकत घेतलं, आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या बऱ्याच अभियंत्यांना नारळ मिळाला. नोव्हेंबर २०२० मध्ये नवे दर आले. खुल्या प्रकल्पांना एकदाच काय ती १०,००० क्रेडिटं, म्हणजे लिनक्सवरची १,००० मिनिटं, आणि ती संपली की अर्ज करा, विनवणी करा. जून २०२१ मध्ये खुल्या प्रकल्पांचं ते जुनं संकेतस्थळच बंद झालं. त्याच सुमाराला, ऑक्टोबर २०२० पासून, गिटलॅबने फुकट खात्यांची महिन्याची २,००० मिनिटं ४०० वर आणली. दरम्यान नोव्हेंबर २०१९ मध्ये गिटहबने आपली अॅक्शन्स सेवा सर्वांना खुली केली होती, खुल्या प्रकल्पांना फुकट, खासगींना फुकट योजनेत महिन्याला २,००० मिनिटं. मग काय, सगळी दिंडी तिकडे वळली. एका पंगतीतून उठवलं तर शेजारच्या मांडवात जाऊन बसले. त्या मांडवाचा मालक कोण याची चौकशी फारशी कोणी केली नाही. (मायक्रोसॉफ्ट. २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलर मोजून घेतलेला मांडव आहे तो.)

या मिनिटांच्या हिशोबावरून मला नेहमी कुकडीची आवर्तनं आठवतात. येडगावच्या धरणातून कालवा निघतो, पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत जातो. आवर्तन कधी सुटणार, किती दिवसांचं, यावर दर उन्हाळ्यात बैठका, मोर्चे, वरच्यांची आणि शेपटाच्या शेतकऱ्यांची भांडणं. मी त्या भांडणात पडत नाही. पण एक गोष्ट बघा, तिथे भांडायला जागा आहे. कालवा सल्लागार समिती आहे, आमदार आहे, पेपर आहे, निदान रस्त्यावर बसता येतं. मिनिटं २,००० ची ४०० झाली तेव्हा जुन्नरच्या पोराने कुठे बसायचं? सॅन फ्रान्सिस्कोत?

कंपन्यांची बाजूही सांगायला हवी. २०२० आणि २०२१ मध्ये या फुकट यंत्रांवर लोकांनी खोटे प्रकल्प काढून आभासी चलनाची खाणकामं सुरू केली होती. धर्मादाय पाणपोईवर टँकर लावण्यातला प्रकार. गिटलॅबने मे २०२१ पासून नव्या फुकट खात्यांना क्रेडिट कार्ड सक्तीचं केलं ते त्यासाठीच. कोणीही वैतागेल. कंपनी ही कंपनी आहे, तिला नफा हवा, तिने उद्या दर लावला तर तो अन्याय म्हणता येणार नाही. माझा राग कंपन्यांवर नाहीच मुळी. माझा राग आहे तो दहा-पंधरा वर्षं फुकट जेवून एकदाही स्वतःची चूल न मांडणाऱ्या आपल्यावर. त्यातही कार्ड सक्तीचं झालं म्हणजे काय झालं ते बघा. अवसरीच्या कॉलेजात शिकणाऱ्या, घरात कोणाकडेच क्रेडिट कार्ड नसलेल्या मुलीला दार बंद झालं. तिने एक मिनिटही चोरलं नव्हतं.

बरं, पैसे भरणाऱ्यांचं तरी बरं चालतं का? पुण्यातल्या एका कंपनीत मी काही काळ होतो. नाव कशाला घ्या. खासगी प्रकल्प, विकत घेतलेली मिनिटं. महिन्याच्या २२-२३ तारखेला मिनिटं संपत आली की वरून निरोप यायचा, लांबच्या चाचण्या बंद ठेवा, एक तारखेला पुन्हा सुरू करा. म्हणजे महिन्याचा शेवटचा आठवडा नासकी किटली चालेल! आणि गिऱ्हाइकाला माल जायचा तो नेमका महिनाअखेरीला. त्याच कंपनीच्या मालात निम्म्याहून जास्त वस्तू ओपन सोर्सच्या, ज्या कुणा एकट्या माणसाने कुठल्यातरी फुकट मिनिटांवर तपासलेल्या. त्या माणसाला यांनी एक रुपया दिल्याचं मी पाहिलं नाही. स्वतःचं मापटं महिनाअखेरी बंद, आणि दुसऱ्याच्या फुकट मापट्यावर भिस्त. हा काय धंदा झाला?

खरं तर मिनिटं ही छोटी गोष्ट आहे. मोठी गोष्ट अशी की बिल्ड करणाऱ्या यंत्राकडे तुमच्या घराच्या किल्ल्या असतात. तयार झालेला माल पुढे पाठवायचा तर पासवर्ड, टोकन हे सगळं त्याच्या हातात द्यावं लागतं. एप्रिल २०२१ मध्ये उघड झालं की कोडकव्ह या सेवेच्या स्क्रिप्टमध्ये जानेवारीअखेरपासून कोणीतरी एक ओळ घुसवली होती आणि ती लोकांच्या सीआयमधल्या किल्ल्या बाहेर पाठवत होती. सप्टेंबर २०२१ मध्ये ट्रॅव्हिसमधल्या एका दोषामुळे खुल्या प्रकल्पांची गुपितं दुसऱ्यांना दिसू शकत होती. जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआयने सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं, आमच्याकडे ठेवलेल्या सगळ्या किल्ल्या बदला. सगळ्या! आपल्या यंत्रावर चोरी होत नाही असं मी म्हणत नाही, होते की. पण सगळ्या गावाच्या किल्ल्या एकाच खुंटीला टांगल्या की चोराला एकच घर फोडावं लागतं.

आणि ज्यांना वाटतं की पैसे भरले की हक्क मिळतो, त्यांनी मुंबईची नायरा एनर्जी आठवावी. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. भारतात नोंदलेली, भारतीय कायद्याने चालणारी, पैसे भरलेली कंपनी. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. नायराकडे वकील होते. त्याआधी २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया, क्रिमियामधल्या लोकांची खाती आवळली होती. त्या पोरांकडे वकील नव्हते.

"मग काय, प्रत्येकाने घरात सर्व्हर लावायचा का?" हा पुढचा प्रश्न. आणि लगेच "आमच्याकडे थ्री फेज रात्री येते" हा विनोद. नाही, प्रत्येकाने नाही. उत्तर आमच्या तालुक्यातच उभं आहे आणि ते नारायणगावच्या एसटी स्टँडवरून अर्ध्या तासावर आहे.

खोडदची जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मधल्या भागात आणि १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांनी पोलादी पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी ताणून तबकड्या उभ्या केल्या, वारा जाळीतून निघून जातो म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी. ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मला सांगायची आहे ती दुसरी गोष्ट, की ही दुर्बीण वापरायला मिळते कशी. २००२ पासून ती जगातल्या कुठल्याही खगोलशास्त्रज्ञाला खुली आहे. वर्षातून दोनदा अर्ज मागवतात, समिती बसते, प्रस्ताव किती चांगला यावर वेळ वाटते. तास न् तास निरीक्षण, आणि त्या वेळेचं भाडं नाही. आणि काही काळाने ती निरीक्षणं इतरांनाही खुली होतात. म्हणजे मर्यादित यंत्र, भरपूर मागणी, गुणवत्तेवर वाटप, खुली फलितं. सीआयच्या मिनिटांना यापेक्षा वेगळं काय हवं? जी पद्धत आपण ३० तबकड्यांसाठी वीस वर्षांहून जास्त चालवून दाखवली, ती शंभर-दोनशे साध्या संगणकांसाठी चालवता येणार नाही?

जीएमआरटीला सॉफ्टवेअर तर पदोपदी लागतं. तिच्या निरीक्षणांतून प्रतिमा तयार करण्यासाठी रुता काळे आणि ईश्वर चंद्र यांनी कॅप्चर नावाची पाइपलाइन लिहून खुली केली, तिच्यावरचा लेख २०२१ चा. ती कासा या आंतरराष्ट्रीय प्रणालीवर उभी आहे. आता कासा पाचव्या आवृत्तीत पायथन २ वर होती, सहाव्यात पायथन ३ वर गेली. पायाच हलला! मग कासा ६ साठी कॅप्चरची वेगळी आवृत्ती आली. दोघा-तिघा संशोधकांनी आपलं मूळ काम सांभाळून करायचे उद्योग आहेत हे. अशा ठिकाणी पाया हलल्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी सांगणारं यंत्र म्हणजे चैन नव्हे, आणि ते यंत्र कोणाच्या मर्जीवर चालावं हा प्रश्न मला म्हणून फार जवळचा वाटतो. चुकलेल्या प्रतिमेवरून काढलेला निष्कर्ष कोणाच्या तरी प्रबंधात जाऊन बसतो.

स्क्वेअर किलोमीटर अॅरे या जागतिक दुर्बिणीत भारत आहे, १,२५० कोटी रुपयांची मंजुरी आहे, आणि तिच्या नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुण्याच्या एनसीआरएचा आणि पुण्यातल्या कंपन्यांचा मोठा वाटा आहे. तो कोड गिटलॅबवर सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला आहे, चाचण्यांसकट. मात्र त्या चाचण्या चालवायला त्यांनी फुकट मिनिटांची वाट पाहिली नाही, पोर्तुगालमधल्या आवेरोसारख्या ठिकाणची स्वतःची यंत्रं जोडली. शहाणी माणसं असंच करतात. पाटी दुसऱ्याची चालेल, काटा आपला हवा.

आणि पैशाचं म्हणाल तर सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्र नावाचे तीन महासंगणक देशाला अर्पण झाले, त्यातला एक जीएमआरटीसाठी. तिघांचे मिळून १३० कोटी. ते बनवणारी सीडॅक पुण्याचीच. महासंगणकाच्या फीत कापायला सगळे येतात, चाचणीच्या यंत्राची फीत कापायला कोण येणार, हीच खरी अडचण आहे. सरकारने ओपनफोर्ज काढलं, सरकारी कोड खुला करण्याचं धोरण २०१५ चं आहे, चांगलंच आहे. मला हवीत ती कोणाही नागरिकाच्या खुल्या प्रकल्पासाठी चालणारी यंत्रं. सीडॅक, एनसीआरए, आयुका, कोणीही पुढे व्हा.

सरकारची वाट न बघताही जमतं, तेही सांगतो. पोस्टग्रेस या डेटाबेसची बिल्डफार्म २००४ पासून आहे. जगभरचे स्वयंसेवक आपापल्या घरचं, ऑफिसचं एखादं यंत्र तिला जोडतात. यंत्र तुमचंच राहतं, ते ताजा कोड घेऊन तपासतं आणि निकाल मध्यवर्ती पाटीवर पाठवतं. प्रत्येक यंत्राला एका प्राण्याचं नाव. कोणाकडे जुनं, कोणाकडे विचित्र प्रोसेसरचं, आणि त्या विचित्र यंत्रांवरच भलत्या चुका सापडतात. डेबियन आपल्या चाचण्या स्वतः चालवते. ग्नोम आणि केडीई यांनी गिटलॅबचं सॉफ्टवेअर घेतलं पण आपल्या सर्व्हरवर मांडलं. जीसीसीची कंपाइल फार्म मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना यंत्रांवर खाती देते. हे सगळं कोट्यधीशांनी उभं केलेलं नाही. आमच्याकडच्या माणसाला याचं नाव सांगायला लागू नये, सहकार म्हणतात याला.

सहकार म्हटलं की हसणारे हसतील. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन कारखाने शेजारीशेजारी असलेल्या टापूत वाढलेल्या माणसाला सहकारात काय काय होतं ते वेगळं सांगायला नको. निवडणुका होतात, पॅनेल होतात, भाऊबंदकी होते. पण सर्वसाधारण सभा पण होते, आणि तिथे दोन एकरवाला उठून अध्यक्षाला हिशोब विचारतो. अॅक्शन्सच्या दरपत्रकाला मी एकदाही हिशोब विचारू शकलेलो नाही.

एकच आक्षेप मला खरोखर निरुत्तर करण्याच्या जवळ आणतो, तो म्हणजे रात्री अडीच वाजता यंत्र पडलं की उठणार कोण. फुकट सेवेत कोणीतरी पगारी माणूस उठतो. स्वयंसेवक दोन वर्षं उठतो, तिसऱ्या वर्षी त्याचं लग्न होतं. म्हणून माझ्या मागणीत यंत्रांच्या आधी माणसांचा पगार आहे. दोन माणसं, पूर्णवेळ, कायमची, आणि तो पगार त्या पुण्याच्या कंपन्यांनी भरायचा ज्या ओपन सोर्सवर इमारती बांधून बसल्या आहेत. वर्षाला प्रत्येकीने किती द्यावं याचा हिशोब मी मांडलाय, एका कनिष्ठ अभियंत्याच्या दिवाळी बोनसपेक्षा तो कमी येतो. हा कागद घेऊन आत्तापर्यंत तिघांकडे गेलो. एक म्हणाले, कल्पना छान आहे. दुसरे म्हणाले, सीएसआरमध्ये बसत नाही. तिसऱ्यांनी विचारलं, गिटहबवर फुकट आहे ना?

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन असतं, जिल्ह्यातली शाळा-कॉलेजं लोटतात. चौथा तिथे गाठणार आहे. ज्यांना कागद हवा असेल त्यांनी कळवा, पाठवतो. आणि ज्यांच्या घरी एखादं जुनं पण चालू यंत्र पडून असेल त्यांनी भंगारात घालू नका.